फातिमाबीच्या मांडीवरची लेकरं

“कोंडिबा घरी न्हाई,” नर्मदाबाई दारातूनच म्हणाली, आणि मागून कणगीआडून खोकला आला.

“मग कोन खोकून राहिलं, कणगी?” फातिमाबी उंबऱ्यावर टेकली. “आन त्याला. डाक्टर चावडीत येऊन बसला.”

नर्मदाबाई हसली नाही. “लखमाचं पोरगं तुमीच नेलं मोजायला. दिवाळीत तापानं गेलं. मोजलेलं लेकरू राहत न्हाई, मावशी.”

“ते औशदाच्या पुड्या थुकून टाकायचं.”

“गेलं ना पर.”

फातिमाबी गावची सुईण. हैदराबादचा डॉक्टर दर हिवाळ्यात यायचा, तीच ती पोरं पुन्हा बघायचा. उंची मोजायची, बरगडीखाली दाबून तापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली का पाहायचं आणि तपासलेल्या पोरांना हिवतापावर कोयनेल द्यायचं. मोजणीतून पोरं गळू लागली तर आपण दुसरं गाव धरू, असं त्याने बजावलं होतं. मोजण्याला लोक भ्यायचे. त्यावर फातिमाबीने गावाच्याच रीतीतून तोडगा काढला. जिथे लेकरं जगत नाहीत, तिथलं लेकरू सुपात घालून कोंड्याच्या मोलाने दुसरीला विकतात, म्हणजे मरण त्याचं घर विसरतं. नर्मदाबाईचा कोंडिबा तिने असाच घेतलेला. मग तिने सगळीच पोरं कोंडा देऊन घेतली आणि डॉक्टरसमोर स्वतःच्या मांडीवर धरली.

“त्यो माझा हाय,” ती आताही म्हणाली. “दीठ लागली तर माझ्या घराला.”

“मग तुमच्या सादिकला काहून न्हाई नेलं कधी?”

सादिक फातिमाबीचा नातू, आईबापाविना उरलेला. साऱ्या गावाची दीठ घरात आणून ठेवली, निदान हे एक पोर तरी मोजायला नको, असं तिला वाटायचं. लोकांना धीर देत हिंडणारी ही बाई मनातून सगळ्यांत भित्री होती.

ती उठली आणि सादिकला घेऊन चावडीत गेली. दाराशी बाया जमल्या होत्या, नर्मदाबाईही कोंडिबाला पदराखाली घेऊन आली होती. आत मात्र कुणी येईना.

डॉक्टरने सादिकच्या डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली. थांबून पुन्हा दाबलं.

“इसको पहले कैकू नहीं लाए?” तो हळूच म्हणाला.

बाहेर सगळ्या फातिमाबीकडे बघत होत्या. काही नाही म्हणून सांगणं सोपं होतं. तिने सादिकला उचललं, दाराशी आली आणि त्याचा सदरा वर केला.

“पानथरी वाढली हाय. हात लावून बगा. म्या याला झाकून ठेवलं, म्हनून याला औशद भेटलं न्हाई.”

मग नर्मदाबाईने सादिकच्या पोटावर हात ठेवला. टणक लागलं. तोच हात तिने पदराखाली, दर हिवाळ्यात कोयनेल घेतलेल्या कोंडिबाच्या पोटावर नेला. मऊ होतं. ती फातिमाबीकडे न बघता आत गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या, आणि जिने तिने आपलं लेकरू आपल्याच मांडीवर घेतलं.

फातिमाबी पायरीवर बसून सादिकच्या सदऱ्याचं बटण लावत होती. तिला काज सापडत नव्हतं.