बसलेल्या माणसाचं माप

ड्रायव्हर दुकानात शिरला तेव्हा शिंपी एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत बसला होता. लेक गेल्यापासून त्याने नव्या कापडाला कात्री लावली नव्हती. चेन बदलून द्या, उंची कमी करा, असली कामं तो मान खाली घालून करायचा. गिऱ्हाइकाने लेकीचा विषय काढला की उठून पडद्यामागे घरात जायचा. काज-बटणं करणारी त्याची बायको हे सगळं मुकाट पाहत होती. त्या दिवशी मात्र तिने नवऱ्याला न विचारताच ड्रायव्हरच्या हातातलं कापड घेतलं.

"देतील की शिवून. कधी हवीय?"

ड्रायव्हरला लांब पल्ल्याच्या बसवर नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि गणवेशाचं कापड कंपनीने एका पँटीपुरतंच दिलं होतं. शिंप्याने बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. पण परक्या माणसासमोर तमाशा नको, म्हणून टेप गळ्यात अडकवली.

"बसा," तो म्हणाला.

"बसू? माप बसून घेता?"

"बसा हो."

ड्रायव्हर स्टुलावर बसला. हल्ली अशीच पद्धत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. शिंप्याने टेप कमरेमागून नेली, गुडघ्यावरून वळवली, खाली सोडली. बायको आत चहा टाकायला गेली होती, नाहीतर तिने तिथल्या तिथे हटकलं असतं.

पँट शिवून झाली आणि इस्त्रीला बायकोच्या हाती आली, तेव्हा सगळं उघडं पडलं. मागची बाजू चांगली वीतभर उंच, पुढून खोलगट कापलेली, मागे खिशांचा पत्ता नाही. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"अहो, ही तर मुकादमची पँट झाली."

मुकादम म्हणजे त्यांची लेक. तिच्या स्नायूंना आजार होता, हळूहळू वाढत जाणारा. आधी जिना सुटला, मग चालणं, मग वेणी घालायला वर जाणारा हात. चाकांची खुर्ची कापायच्या टेबलाला लावून ती दिवसभर दुकान चालवायची. वाकडी शिलाई तिला लांबूनही दिसायची आणि दिसली की बापाची धडगत नसायची. मुकादम हे नाव बापानेच ठेवलं होतं, आणि तिने ते मिरवलं. "माझी माणसं एकेक करून संपावर चाललीत," ती हात-पाय दाखवून सांगायची. "जीभ तेवढी इमानदार. रोज कामावर हजर!" मागच्या हिवाळ्यात, सोळाव्या वर्षी, ती गेली. शेवटी शेवटी दुकानात दुरुस्तीचीच कामं उरली होती. नवी पँट बेतायची ती फक्त तिची, तिला खुर्चीत बसवूनच.

शिंप्याने पँट उलटीपालटी करून पाहिली. कापड उरलं नव्हतं आणि जे कापलं गेलं होतं ते काही परत येणार नव्हतं.

"हात गेला माझा," तो हळूच म्हणाला. "ती कात्री कुणाला तरी देऊन टाक. यापुढे फक्त दुरुस्ती."

तो आरडाओरडा करता तर बायकोने मनावर घेतलं नसतं. पण हळू आवाजात बोललेलं तो खरं करून दाखवायचा, म्हणून ती घाबरली.

संध्याकाळी ड्रायव्हर आला. शिंप्याने आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "चूक झाली माझ्याकडून. कापड मी भरून देतो."

"घालून तर बघू द्या."

पँट घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि खो खो हसत सुटला. "वा! मागून आजोबा, पुढून नातू!" शिंप्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ड्रायव्हर पँट काढायला म्हणून स्टुलावर टेकला, आणि टेकला तो उठेचना. पुढे वाकला, हवेतलं स्टिअरिंग फिरवलं, पाय दाबून ब्रेक लावला.

"अहो, पोटाला काचत नाही. शर्ट मागून सुटत नाही. बुडाखाली काही टोचत नाही. आयुष्यभर मी बसून काम केलंय, पण बसायची पँट आज पहिल्यांदा बघतोय. उभा कोण बघणार आहे मला? ही डोक्यालिटी कुणाची?"

बायकोला वाटलं, आता नवरा उठणार आणि पडद्यामागे जाणार. तो उठलाही. दोन पावलं जाऊन थांबला.

"आमच्या मुकादमची," तो म्हणाला.

मग थोडं थोडं करून बोलत गेला. साधी पँट बसल्यावर मागून खाली यायची, तिच्या पाठीला गार लागायचं, मागच्या खिशांच्या शिवणी रुतायच्या. "बाबा, तुम्ही उभ्या माणसांचे शिंपी आहात," लेक एकदा म्हणाली. मग तिने त्यालाच आपल्या खुर्चीत बसवलं. हलायचं नाही, कारण मला हलता येत नाही, एवढीच अट. थोड्याच वेळात तो कळवळला. तेव्हा कुठे त्याला कळलं, की पोर रोज हे सोसते आणि वर विनोद करते. त्यानंतर त्याने शिवलेल्या कितीतरी पँटी तिने नापास केल्या. जी पास झाली, तिचीच ही बहीण.

"बोलवा की तिला," ड्रायव्हर म्हणाला. "स्वतः शाबासकी देतो."

बायकोने हातातली सुई उशीत टोचून ठेवली.

"ती गेली," शिंपी म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात." 'ती गेली' हे दोन शब्द त्याने आजवर कुणालाच सांगितले नव्हते. आता सांगितले आणि पडद्यामागे न जाता तो तिथेच उभा राहिला.

ड्रायव्हरचा चेहरा पडला. तो मांडीवरची घडी बोटाने सरळ करत बसला.

"आणखी एक शिवाल?" शेवटी त्याने विचारलं. "कंपनी दुसरं कापड देणार आहे. अशीच. फक्त मागे एक खिसा द्या, पाकिटापुरता."

शिंप्याने टेबलावरची कात्री उचलली, धार अंगठ्यावर पाहिली.

"खिसा मिळणार नाही," तो म्हणाला. "मुकादम ओरडते."