चोराला भाषा हवी होती

आई गेली आणि मालनच्या घरातलं बोलणंच बंद पडलं. मालन आणि तिचे वडील, नायगावच्या चाळीतली एक खोली, एवढंच मागे उरलं. वडील, लवू परब, अठ्ठावीस वर्षं कापड गिरणीत, मागांच्या साचाखात्यात विणकर होते. शेकडो साचे एकदम खडखडायचे, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. बाबांचे कान तिथेच गेले. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. आईला बाबांच्या नुसत्या हातांवरून, ओठांवरून सगळं कळायचं. मालनसाठी पाटी होती. 'जेवलात?' 'गोळी घेतली?' बाबा मान हलवायचे. दिवसाला चार वाक्यं. तिने एकदा मोजली होती.

मालन बी.एस्सी. झालेली, परळला एका प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासायची. रविवारी दुपारी ती फणसवाडीत दत्तूकडे जाई. दत्तू तिचा कॉलेजातला मित्र. त्याच्या मामाने अमेरिकेहून एक खोका पाठवला होता. त्यात नियमांचं पुस्तक आणि चित्रविचित्र फासे होते, एकाला तर वीस बाजू. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. दत्तू गोष्ट सांगायचा, बाकीचे तिघे त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचे, आणि कुणाचा डाव साधला ते फासे ठरवायचे. मालन योद्धा होती. गेल्या खेपेला तो योद्धा मेला आणि तिला नवा माणूस घडवायची पाळी आली.

"चोर घे," दत्तू म्हणाला. "दोन रविवार झाले, आपण एका बंद दरवाजासमोर बसलोय."

"चोर कशाला? मला पुन्हा योद्धाच दे ना."

"तुझा योद्धा लढून नाही मेला बाई, खड्ड्यात पडून मेला. आता जरा खाली बघून चालणारं कोणीतरी घे."

तिने फासे टाकले. ताकद सहा, चपळाई सतरा. तीन फाशांवर सतरा किंवा अठरा पडायचे ते दोनशे सोळात चार वेळा. तिने मनात हिशेब केला आणि खूष झाली. मग चोराच्या अंगच्या कसबांवर साठ गुण वाटायचे होते. कुलूप उघडणं, सापळा ओळखणं, भिंत चढणं, चाहूल ऐकणं. बोटांच्या कामांना तिने हात सैल सोडून दिलं. चाहूल ऐकण्यापुढे शून्य लिहिलं.

"बहिरा चोर?" दत्तू म्हणाला. "पहिल्याच रविवारी पकडला जाईल."

"नाही जाणार. डोळे बघ किती दिलेत त्याला."

"बरं. आणि भाषा ठरवून आण. चोरांची आपसात एक गुप्त भाषा असते. पुस्तकात नुसतं असते म्हणून लिहिलंय, कशी ते नाही."

घरी येताना बसमध्ये तिला बाबांचे हात आठवले. आईशी बोलताना ते हात कसे चालायचे, ते तिने हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने पाटीवर लिहिलं, 'साचाखात्यात हातांनी कसं बोलायचात? मला शिकवा.'

बाबांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. "कित्याक गो?" बहिऱ्या माणसाचा आवाज, गरजेपेक्षा मोठा.

'लिहून ठेवायचंय,' तिने लिहिलं. खोटं नव्हतं ते.

बाबांनी तळहाताने पाटी पुसली आणि उठून उभे राहिले.

पहिली खूण, तार तुटली. दुसरी, कांडीवरचं सूत संपलं. मग वेळ काय झाली, भूक लागली, तुझा साचा बंद आहे, तो मुकादम जॉबर बेवडा आहे. मालन वहीत हात काढायची, बोटं कुठून कुठे गेली ते बाण काढून दाखवायची, शेजारी अर्थ लिहायची. बाबा वहीत डोकावून तिची चूक काढत. "हात ढिलो नको. ढिलो हात म्हणजे पाळी सुटली." सहा आठवड्यांत अठ्ठ्याऐंशी खुणा झाल्या. पाटी फळीवर गेली ती गेलीच.

आता बाबा बोलत होते आणि मालन जेवण गार होईपर्यंत बघत होती. एकदा त्यांनी तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. बातमी गेटवर आली. दारातल्या साचेवाल्याने ती पुढच्याला हाताने दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. अशी गालाला दोन बोटं लावत, मुलगी, मुलगी, मुलगी करत बातमी साच्यांच्या रांगेतून फिरली. बाबा तुटलेली तार जोडत वाकलेले होते. मान वर केली तर अख्खं खातं त्यांच्याकडे बघून हसत होतं. सगळ्यांत शेवटी कळलं ते बापाला.

मालनला हसू आवरेना. हसता हसता रडूही आलं. आई गेल्यावर ती पहिल्यांदा रडली ती त्या रात्री.

समोरच्या चाळीत विठोबाकाका राहायचे. साचाखात्यात त्यांचे साचे बाबांच्या साच्यांना लागूनच होते. दोघा म्हाताऱ्यांच्या खिडक्या समोरासमोर, मधे नुसता बोळ. ते आता खिडकीतून विसरलेल्या खुणा धाडू लागले. बाबा चाळीत भेटेल त्याला सांगत सुटले, "माझां चेडू पुस्तक लिवता. आमच्या साचाखात्याचां." नळावर बायका तिला विचारायच्या, छापून कधी येणार गं? ती काहीतरी पुटपुटून बादली उचलायची. अंगावर पाल पडावी तसं वाटायचं तिला.

शेवटी तिने ठरवलं, बाबांना खरं सांगायचं. नुसतं सांगून समजणार नाही म्हणून तिने खेळातल्या चोराचा कागद सुवाच्य मराठीत पुन्हा लिहिला. खेळातला सगळ्यांत कामाचा माणूस तिने बाबांवरून घडवला होता. बाबांना त्याचा अभिमान वाटेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शनिवारी दुपारी तिने कागद त्यांच्या हातात दिला.

नाव: लवू. धंदा: चोर. ताकद सहा. चपळाई सतरा. चाहूल ऐकणे, शून्य. भाषा: साचाखात्याच्या खुणा.

बाबांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"चोर?"

तिने धांदलीत फळीवरची पाटी काढली. 'खेळातला, बाबा. सगळ्यांत हुशार तोच असतो.'

बाबांनी मान हलवली. कागदाची नीट घडी केली, डब्याखाली ठेवली, आणि खाटेवर बसून दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. रात्री तिने खुणेने विचारलं, भूक? ते भिंतीकडे बघत राहिले.

रविवारी ती दत्तूकडे गेली. "मला हा चोर नको."

"वेडी आहेस का? त्यानेच दरवाजा उघडला आपला."

"बाबांना लागलं रे."

दत्तूने तिच्यापुढे रबर सरकवलं. "मग नाव बदल. खेळच आहे."

तिने रबराने नाव पुसलं. खाली चपळाई सतरा होती, कानांपुढे शून्य होतं, भाषा तीच होती. नावाच्या जागी कागद तेवढा झिजला. ती खेळ अर्धा टाकून उठली.

नायगावला पोचली तेव्हा ऊन कललं होतं. दोन चाळींमधल्या बोळातून येताना तिने सहज वर पाहिलं. एका खिडकीत बाबा, समोरच्या खिडकीत विठोबाकाका. गजांच्या आत चार हात चालले होते, आणि खाली कुणाला पत्ता नव्हता. मालनला मात्र आता सगळं वाचता येत होतं.

मुलीने, बाबांचे हात म्हणाले. लिहिलं. मी.

मग बाबा खिडकीपासून एक पाऊल मागे सरले, पाय फाकवले, दोन्ही हात सरळ वर केले आणि तसेच उभे राहिले.

ही खूण तिच्या वहीत नव्हती. पण लहानपणी ती आईबरोबर गिरणीच्या गेटवर गेली होती. पाळी सुटली होती, माणसं रांगेने बाहेर येत होती, प्रत्येकजण हात वर करून थांबत होता, आणि पहारेकरी काखेपासून कमरेपर्यंत चाचपत होता, कुणी कापड लपवून नेतंय का ते बघायला. रांगेत बाबाही होते. मालनला बघून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. अठ्ठावीस वर्षं, रोज पाळी सुटली की. एक चिंधी कधी निघाली नाही त्यांच्या अंगावर.

बाबांचे हात वरच होते.

मग काकांची नजर खाली गेली, मालनवर. त्यांनी दोन बोटं गालाला लावली, जेमतेम. बाबांचे हात तत्क्षणी खाली आले.

मालन जिना चढून वर गेली. दार उघडंच होतं. बाबा तिच्याकडे न बघता, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इलंस? चाय ठेवतंय."

तिने उत्तर द्यायला हात उचलला. बाबा स्टोव्हकडे वळले होते.