बुचाखालची चकती

फिलिपीन्समधल्या आमच्या लुंबान गावात शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस दारात आला ना, की बायका आधी त्याची पेटी बघतात आणि मग त्याचं तोंड. खरंच! कारण इथे घरोघरी लग्नाचे बारोंग शिवतात. आणि बारोंग म्हणजे काही साधा शर्ट नाही. अननसाच्या पानांचा धागा काढून विणलेलं कापड, इतकं पातळ की डोळ्यांसमोर धरलं तर अंगणातल्या कोंबड्या मोजाव्यात. त्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब पडला की खेळ खलास. घासलं तर कापड फाटतं, नाही घासलं तर डाग पसरतो.

म्हणून तर तातांग सेल्सोंचं एवढं नाव होतं. तातांग म्हणजे बाबा, पण त्यांना अख्खं गावच तातांग म्हणायचं. चाळीस वर्षं गावातल्या मशिनी त्यांनी सांभाळल्या आणि चाळीस वर्षांत त्यांच्या पेटीतून तेलाचा थेंब म्हणून गळला नाही. त्यांची एक रीतच होती. कुणाच्याही घरी गेले की पेटी आत न्यायचीच नाही. आधी उंबऱ्यावर बसायचं, तेलाची चिमुकली बाटली काढायची, सकाळच्या पावाची खाकी पिशवी पसरायची आणि तिच्यावर बाटली बुचावर उलटी उभी करायची. मग कॉफी. कॉफी संपली की पिशवी उजेडात धरून घरातल्या बाईला दाखवायची. कागद कोरडा असेल तरच पेटी आत.

ते गेले, आणि त्यांची पेटी, त्यांची गिऱ्हाइकं आणि ती खाकी पिशवी, सगळंच लुमेनकडे आलं. लुमेन त्यांची एकुलती एक. हात बापासारखाच, फक्त बडबड दुप्पट. नवरा जहाजावर, पदरात तान्ही इनेस. तरी बाई सकाळी सातला पेटी घेऊन ट्रायसिकलमध्ये, म्हणजे इथल्या तीनचाकी रिक्षात.

आणि एक होता दोमेंग. कुया दोमेंग, म्हणजे दोमेंगदादा. आठ वर्षं तो तातांगच्या बाकावर शेजारी बसून शिकला. लुमेन तेव्हा शाळेत होती. तिच्या सायकलची साखळी बसवून देणारा तोच, तिला पहिला स्क्रू उलटा फिरवल्यावर टपली मारणारा तोच. तातांगच्या शवपेटीचा पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता. मग इनेसच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून दुसरं कुणाचं नाव सुचणार? चर्चमध्ये मेणबत्ती धरून तो उभा राहिला, पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं तसा हाच रडला. इनेसचा निनोंग झाला. इथे निनोंग म्हणजे रक्ताच्या नात्यापेक्षा वरचं, तिथे शंका घ्यायची नसते.

त्या दिवशी जेवणानंतर त्याने पोरीला चांदीची साखळी दिली आणि लुमेनच्या हातात एक पुडी ठेवली.

"हे काय, कुया? बाप्तिस्मा माझा आहे का?"

"उघड तरी! तोंड चालवू नको."

आत तेलाची बाटली होती. जाड काचेची, अंगठ्याएवढी, पितळी बुचाची. बुचावर त्याने स्वतः कोरलं होतं, 'इनेसच्या आईला'. बाटलीसाठी लाकडाचा एक ठोकळा पण केला होता, मधोमध भोक. बाटली त्यात उभी राहायची, ट्रायसिकल कितीही उडाली तरी आडवी व्हायची नाही. लुमेनने बूच फिरवून बघितलं, आतून चामड्याच्या चकतीची कड दिसली, अगदी तातांग बसवायचे तशी. झालं! तिला एवढं भरून आलं की तातांगची जुनी बाटली तिने कपाटात ठेवून दिली.

आता ही चकती म्हणजे काय, ते सांगते. बुचाच्या आत एक गोल तुकडा लागतो, नाहीतर तेल आट्यांमधून वर चढतं. बाटली कधी काठोकाठ भरायची नाही, कारण उन्हात तेल फुगतं. खांद्यापर्यंतच भरायची. पण खरी मेख चकतीत. तातांग जुन्या पट्ट्याचं चामडं कापायचे, आठवडाभर तेलात भिजत ठेवायचे आणि मग बसवायचे. दर रविवारी चर्चहून आले की बूच उघडून चकती काढून बघायचे. लुमेनही बघायची. पण कुयाने दिलेल्या बाटलीची चकती तिने नाही उचकटली. भेट दिलेल्या घड्याळाचं पोट कुणी फाडून बघतं का?

महिनाभर ती बाटली इतकी घट्ट होती की काय सांगू. उलटी ठेवा, आडवी ठेवा, कागद कोरडाच.

मग आला डिसेंबर. लग्नांवर लग्नं. लोला सेपाच्या घरात तर पाय ठेवायला जागा नाही. लोला सेपा म्हणजे गावातली सगळ्यात मोठी भरतकामवाली आजी. सोळा बायका तिच्या हाताखाली, आणि तिचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. तिने एखाद्या कारागिराला दार बंद केलं की दुसऱ्या दिवशी बाकीची दारं आपोआप बंद.

त्या दिवशी लुमेन उंबऱ्यावर बसून पिशवी पसरायला लागली तर लोला आतून ओरडली, "राहू दे गं ते नाटक! शनिवारी लग्न आहे आणि मशीन दोरा तोडतंय. आत ये!"

"लोला, दोन मिनिटं फक्त. बाटली उलटी करते."

"तुझ्या बापाला चाळीस वर्षं उलटी करताना बघितलंय. आता तू उलटी झालीस तरी मी बघणार नाही. ये आत!"

सगळ्या खिदळल्या. लुमेनही हसली, आणि गेली आत.

मशीन बघितलं तर खालच्या दोऱ्याची बॉबिन केस झिजलेली. पेटीच्या खालच्या कप्प्यात नवीन होतीच. तिने काढली, थोडी तेलकट लागली, पण सुटे भाग तेलकटच असतात, त्याचं काय? बसवली. चिंधीवर चार टाके मारले, टाका सरळ आला. लोलाने लगेच नवऱ्या मुलाचा बारोंग मशीनखाली सरकवला. छातीवरच्या नाजूक चुण्या, शेवटची शिवण. मशीन सुरू झालं. वीतभर गेलं असेल, तोच जोवी, ती शेजारी बसून भरत करणारी, किंचाळली.

"लोला, थांबा! खालून, खालून बघा!"

शिवणीच्या दोन्ही बाजूंनी पिवळट ठिपके. रांगेत. मुंग्या निघाल्यासारखे. आणि बघता बघता एकमेकांत मिसळले.

लुमेनने पेटी उघडली. खालचा कप्पा तेलाने माखला होता. सुया, चिंध्या, बॉबिन केसचं कागदी पाकीट, सगळं ओलं. आणि ठोकळ्यात बाटली ताठ उभी! बुचाखालून तेलाची बारीक धार खाली उतरत होती. ट्रायसिकलच्या हिसक्यांनी तेल बुचापर्यंत उसळलं होतं, मग ती उन्हात उभी राहिली, पेटी तापली, आणि आतल्या फुगलेल्या हवेने ते बाहेर ढकललं होतं.

लोला सेपा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पेटी उचल," ती म्हणाली. "आणि उंबऱ्याबाहेर ठेव. तू पण."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दोन घरांचे निरोप आले, सध्या येऊ नकोस. तिसऱ्या घरातली बाई रस्त्यात भेटली आणि तिने चक्क फुटपाथ बदलला. लुमेनला कळलं, लोलाचं दार उघडलं नाही तर बापाने चाळीस वर्षं राखलेलं नाव तिच्याच हातात संपणार.

रात्रभर पोर मांडीवर घेऊन तिने स्वतःलाच शिव्या दिल्या. कागद का नाही पसरला? सकाळी तिने पहिल्यांदा त्या बुचात सुईचं टोक घालून चकती उचकटली. वर चामडं होतं, कागदाएवढं पातळ. आणि त्याखाली काळं काहीतरी, भिजलेल्या पावासारखं फुगलेलं, बोटाला चिकटणारं. तिने वास घेतला. सायकलची ट्यूब.

मग स्वतःची समजूत घालायला लागली, बघा कशी वेडी. चामडं कमी पडलं असेल. घाईत असेल बिचारा. विसरला असेल. विचारते त्यालाच, तोच म्हणेल, अरे देवा, चुकलं माझं.

ती त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने भांडी घासता घासताच सांगितलं, "ते? ते तर पहाटेच लोला सेपाकडे गेले ना! निरोप आला होता. आता कायमचं तेच घर, म्हणाले."

लुमेन तशीच वळली. पेटी घरीच होती. खिशात फक्त चिंधीत गुंडाळलेलं ते बूच आणि घडी केलेली खाकी पिशवी. चालत निघाली.

लोलाच्या घरात तिच्याच स्टुलावर दोमेंग बसलेला. शेजारी कॉफी, केळीच्या पानात पांढरं चीज, आणि भोवती बायका. तिला बघून बायकांनी सुया खाली ठेवल्या. जोवीने मान खाली घातली. लुमेन उंबऱ्यावरच बसली, आत नाही गेली.

"ये गं, ये," दोमेंग म्हणाला, इतक्या मायेने! "मनाला लावून घेऊ नको. होतं असं. लोला, पोर अजून शिकतेय, मी समजावतो तिला."

"खरंच, कुया," लुमेन म्हणाली. "समजावच. ते चकतीचं तातांग काय म्हणायचे रे? माझी शाळा असायची, तू तर रोज ऐकायचास. तू त्यांच्यासारखा आवाज काढून म्हणायचास बघ."

"हो हो, म्हण ना!" बायकांना तेवढंच हवं होतं. "तातांगचा आवाज काढ!"

दोमेंग कौतुकाला लगेच भुलणारा. तो उठला, छाती फुगवली, स्वतःची बाटली वर धरली आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाला. "ऐका रे माकडांनो! चामडं एकदाच पोटभर तेल पितं आणि तोंड मिटून बसतं. रबर अधाशी. रबर कधी बसवायचं नाही. पहिला महिना सख्ख्या भावासारखं चिकटून राहतं, आणि दुसऱ्या महिन्यात..."

बायका पोट धरून हसत होत्या. आणि लुमेनने खाकी पिशवी पसरली, चिंधी उलगडली आणि ते पितळी बूच पिशवीवर ठेवलं.

दोमेंगचा आवाज तिथेच अडकला.

"दुसऱ्या महिन्यात काय?" जोवी म्हणाली. "सांग ना, दोमेंग! का विसरलास?"

फुगलेल्या काळ्या चकतीभोवती कागदावर तेलाचं वर्तुळ पसरत होतं. लोला सेपा उठली, गुडघ्यावर हात टेकत आली, पिशवी उजेडात धरली. मग बूच डोळ्यांजवळ नेऊन कोरलेली अक्षरं वाचली. इनेसच्या आईला. मग तिने हात पुढे केला, दोमेंगकडे न बघताच.

"तुझी बाटली दे."

तिने त्याचं बूच उघडलं. आत जाड चामडं होतं, नुसतं चामडं.



दोमेंग उंबऱ्यापाशी आला, लुमेनजवळ वाकला, हळू बोलायला लागला. "आठ वर्षं मी त्या बाकावर बसलो, लुमेन. आठ! आणि ते गेल्यावर गाव कुणाच्या दारात? तातांगची पोर, तातांगची पोर! मला एकच घर हवं होतं गं. एकच. बारोंग खराब होईल असं कुठे वाटलं होतं मला? थोडं गळेल, तुला वैताग येईल, एवढंच."

"मागितलं असतंस तर दिलं असतं की रे."

तेव्हा तो चिडला. खरंच, तोच चिडला! "आणि तू उघडून का नाही बघितलंस? तातांग दर रविवारी उघडायचे. तुझी पण चूक आहे!"

"दुसऱ्या कुणी दिली असती," लुमेन म्हणाली, "तर पहिल्याच रविवारी उघडली असती."

त्याने पेटी उचलली आणि गेला. लोलाला जा म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. जाताना रोजच्या सवयीने म्हणायला गेला, इनेसला माझा... आणि पुढचं गिळलं.

लोलाने लुमेनच्या डोक्यावर एकदा हात ठेवला. "त्या बारोंगची छाती उसवून आम्ही नवीन लावतोय, जागून करू. तू उद्या ये. मशीन पुन्हा दोरा तोडतंय, त्याने काही धड केलं नाही."

दुसऱ्या दिवशी सातला लुमेन उंबऱ्यावर हजर. तातांगची जुनी बाटली, जुनी चकती. तिने ती घरी तीनदा उघडून बघितली होती. खाकी पिशवी पसरली, बाटली उलटी उभी केली. जोवीने कॉफी आणली, बरोबर चीजचा मोठा तुकडा, जरा जास्तच मोठा. कॉफी संपली. लोलाने पिशवी उचलली, उजेडात धरली.

"कोरडी ठणठणीत. चल आत."

लुमेनने पिशवी तिच्या हातातून घेतली, पुन्हा पसरली, आणि बाटली पुन्हा तिच्यावर उलटी ठेवली.

"थोडं थांबू या, लोला," ती म्हणाली. "अजून थोडं."