गस्तीच्या जहाजावरची शब्दवही

मित्रांनो, मी एक जुनी शब्दवही आहे आणि माझी मधली वीस पाने एकमेकांना चिकटलेली आहेत. शाळेतली मुले ती नखाने सोडवू पाहतात, तेव्हा मला ओरडावेसे वाटते. तो डिंक नाही, बाळांनो. ते केटिलचे रक्त आहे.

माझे आयुष्य सुरू झाले आइसलँडच्या पश्चिमेकडच्या एका खाडीकाठच्या गावात. साइउन नावाच्या शिक्षिकेने मला सहकारी दुकानातून आणले आणि डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आमची भाषा अशा रांगा आखल्या. तिचा आवडता धडा निर्णयाचा होता. 'डिसाइड' म्हणजे आक्वेदा, ठरवणे. 'चूझ' म्हणजे वेल्या, निवडणे. 'पोस्टपोन' म्हणजे फ्रेस्ता, पुढे ढकलणे. 'हेझिटेट' म्हणजे हीका, कचरणे. प्रत्येक शब्दाखाली मुलांसाठी एकेक वाक्य होते, 'मी मासा खायचे ठरवले आहे' अशा थाटाचे. तिचे अक्षर वळणदार होते आणि मला त्याचा फार ताठा होता.

पण तेव्हा शाळा माझ्या नशिबी नव्हती. त्या वर्षी आमच्या सरकारने मासेमारीची हद्द वाढवली आणि इंग्रजांच्या बोटी काही केल्या हटेनात. साइउनचा नवरा स्टेनथोर गस्तीच्या जहाजावर दुय्यम अधिकारी होता. वायरलेसवर इंग्रजांशी बोलायचे काम कप्तान बेर्गुरने त्याच्या गळ्यात मारले. स्टेनथोरच्या इंग्रजीचा आनंदच होता. म्हणून साइउनने मला त्याच्या पिशवीत कोंबले.

"धड्याच्या बाहेर जाऊ नकोस," ती म्हणाली. "यात आहे तेवढंच बोल. जास्त शहाणपणा केलास तर गावाची अब्रू जाईल."

कामाची रीत ठरलेली होती. इंग्रज बोटीला तीन वेळा बजावायचे. नाही ऐकले तर मागे पाण्यात धारदार आकडा सोडायचा, तिच्या मागून आडवे जायचे आणि तिच्या जाळ्याची तार तोडायची. स्टेनथोर माझे पान उघडून, मासा काढून त्या जागी जाळे घालून म्हणायचा, "आम्ही तुमचे जाळे तोडायचे ठरवले आहे." उत्तरादाखल इंग्रज दगडी कोळसा फेकत, लोखंडी बोल्ट फेकत, एकदा तर कुऱ्हाड आली. एका बोटीने आमच्या कुशीत अशी धडक दिली की आचाऱ्याचे दोन दात सुपाच्या पातेल्यात पडले. तरी आम्ही सहा जाळी तोडली. बेर्गुर मला थोपटून म्हणायचा, "आपल्या तोफेपेक्षा ही वही भारी!" खोटे कशाला बोलू, मला हे सारे आवडू लागले होते.

आकड्याची तार ज्या रहाटावर गुंडाळलेली असे, तो रहाट केटिल सांभाळायचा. केटिल म्हणजे साइउनचा थोरला भाऊ, पन्नाशीचा, तोंडाचा फाटका आणि मनाचा साधा.

एका रविवारी त्याने स्टेनथोरला रहाटापाशी नेले. "दाजी, हा ब्रेकचा पट्टा बघा. पार गुळगुळीत झालाय. नवा उद्या दुपारी मिळतोय."

आता आमच्याकडे एक गोष्ट कुणी करत नाही. सोमवारी सफरीला निघत नाहीत. मेले तरी निघत नाहीत. आणि मंगळवारपर्यंत थांबावे, तर पाच इंग्रज बोटी अंड्यावरच्या कॉड माशांत घुसल्याची खबर आली होती.

"आजच दोर सोडायचा," बेर्गुर म्हणाला. "सोमवारी माझा बाप निघाला नाही, मी निघणार नाही. स्टेनथोर, तुझ्या ताब्यातलं सामान ठीक आहे ना?"

फ्रेस्ता, पुढे ढकलणे, हा शब्द माझ्या तिसऱ्या पानावर होता. स्टेनथोरने पान उलटले नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"दाजी, तुम्ही म्हणताय म्हणून," केटिल पुटपुटला आणि तेलाचा डबा घेऊन रहाटाकडे गेला. रविवार मावळायच्या आत आम्ही खाडीबाहेर होतो.

बुधवारी सकाळी इंग्रज बोट गाठली. स्टेनथोरने एकदा बजावले, दोनदा बजावले. पलीकडून शिव्या आल्या, मग कोळशाचे ढेकळ येऊन खिडकी फुटली. काचेने त्याचा गाल चिरला. तिसऱ्यांदा बजावताना तो ओरडतच होता. आकडा त्यांच्या जाळ्याच्या तारेत अडकला, आमची तार ताणली गेली आणि ब्रेक सुटला. रहाट किंचाळत फिरू लागला. केटिलने ब्रेकचे चाक आवळायला अंग टाकले. तेवढ्यात तार उसळली आणि त्याची मांडी कापून गेली.

स्टेनथोर जिना उतरला नाही, पडलाच. त्याने मफलर बांधला, जखमेवर मला दाबले, वर गुडघा दाबला. मी वही आहे, मित्रांनो. शाई प्यायला जन्मले मी. मला जेवढे पिता आले तेवढे प्यायले, पण ते थांबेना.

"दाजी, साइउनला..." केटिल म्हणाला. पुढचे काही आले नाही.

वरून बेर्गुरने पाहिले. "हरामखोरांनी मारला त्याला! मुद्दाम ओढली तार!" तो बेभान झाला होता. त्याने जहाज वळवले.

त्या क्षणी एक वाक्य पुरे होते. 'त्यांनी नाही, माझ्या ब्रेकने मारला.' ते सांगायला इंग्रजी लागत नव्हते, मी लागत नव्हते. स्टेनथोर तोंड उघडून तसाच बसला. आमचे नाक इंग्रज बोटीच्या बाजूत घुसले, पत्रा फाटला, आणि कठड्याला धरून उभ्या एका माणसाचा हात दोन जहाजांमध्ये चिरडला. त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते. स्टेनथोरवर मला त्या दिवसाइतका संताप कधी आला नाही.

गुरुवारी केटिलला घेऊन आम्ही गावी आलो. मागोमाग ती फाटलेली बोटही आमच्याच खाडीत शिरली, कारण दुसरे बंदर गाठेपर्यंत ती बुडाली असती. धक्क्यावर सारे गाव जमले. पुरुषांच्या हातात मासे ओढायचे आकडे होते.

"एकेकाला पाण्यात घाला!"

"केटिलच्या बदल्यात सगळे!"

इंग्रजांनी जखमी माणसाला फळीवर घेतले होते, पण उतरायची कुणाची छाती होईना. तेव्हा स्टेनथोर मला छातीशी धरून त्यांच्या उतरायच्या फळीच्या तोंडाशी उभा राहिला.

"यांनी नाही मारलं," तो म्हणाला. "ब्रेक गेलेला होता. केटिलने मला दाखवला होता. मी बेर्गुरला ठीक आहे म्हणून सांगितलं."

बेर्गुरने जवळ येऊन त्याच्या डोळ्यांत पाहिले. मग पहिला ठोसा त्यानेच मारला. मी दगडांवर पडले. नंतर सगळे तुटून पडले. आकडे कुणी वापरले नाहीत, एवढीच दया. बुटांनी तुडवला त्याला. त्याने एकदाही हात वर केला नाही. साइउन तिथेच उभी होती. तिने मारले नाही, आणि थांबवलेही नाही.

मारता मारता लोक दमले. काहीजण रडू लागले. आकडे खाली ठेवले गेले, वाट मोकळी झाली आणि इंग्रज आपल्या माणसाला घेऊन खाली उतरले.

साइउनने मला उचलले, आपल्या रुमालाने पुसले आणि नवऱ्याच्या हातात दिले. त्याचा एक डोळा मिटला होता, ओठ फाटला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या भावाचं आपण घरी बघू. आधी त्या माणसाला डॉक्टरकडे ने. तिथे त्याची भाषा बोलणारं कुणी नाही."

तो उठला.

मित्रांनो, मला कव्हर घाला, न घाला. फाटले तर फाटू दे. पण तुमच्या हातून काही बिघडले असेल तर ते सांगायला चार दिवस घेऊ नका. स्टेनथोरने चारच दिवस घेतले होते.