एका बोल्टवरचे साहेब

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. नगरपालिकेसमोरचा चौक. मंडपात तीनशे खुर्च्या, पुढच्या रांगेत सोफे, डाव्या हाताला बँड. नगराध्यक्षांनी स्वतःच्याच पुतळ्यावरच्या पडद्याची दोरी ओढली. पडदा खाली आला आणि त्याच्याबरोबर पुतळाही फिरला. अर्धी गिरकी घेऊन तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला.

एवढंच घडलं. दुसऱ्या दिवशी पालिकेने पत्रक काढलं, त्यात 'वाऱ्याच्या अनपेक्षित झोतामुळे' असं लिहिलं होतं. त्या सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मी तिथेच होतो. मी त्या पुतळ्याच्या पायाखालचा चौथरा आहे.

पुतळ्यांची चरित्रं निघतात, त्यांची शताब्दी होते. चौथऱ्याला कोणी कधी दोन प्रश्न विचारले असतील तर शपथ. म्हणून न विचारता सांगतो.

मी काळ्या दगडाचा, छातीइतका उंच. एकेचाळीस वर्षांपूर्वी एका पाथरवटाने मला घडवलं. माझे चारही कोपरे काटकोनात आहेत, आजही. त्याची लेक त्याच्याकडूनच छिन्नी धरायला शिकली आणि पुढे पालिकेत मिस्त्री झाली. सरळ कामाला वाकडं म्हणायचं नाही आणि वाकड्याला सरळ, असा तिचा खाक्या. म्हणून सगळे तिला, भिंतीचा सरळपणा तपासायच्या वजनाच्या दोरीवरून, 'ओळंबा' म्हणतात. कौतुकाने कमी, वैतागाने जास्त.

माझ्यावर पहिले आले ते एक जुने मोठे साहेब. सावधान उभे, टाचा जुळवलेल्या. त्यांच्या मापाने पाथरवटाने माझ्या माथ्यावर चार भोकं पाडली, वीतभर चौकोनात. अकरा वर्षं मी त्यांना पेललं. पुतळ्याचा चेहरा चौथऱ्याला कधी दिसत नाही, तळवे तेवढे कळतात. मग सत्ता बदलली. ज्यांनी अनावरणाला टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच भर दुपारी दोर आणले आणि साहेबांना उतरवलं. त्या दिवशीही बँड होता. बँड तोच, धूनही तीच.

पुढची तीस वर्षं माझ्यावर कोणीच नव्हतं. म्हणजे सगळे होते.

काय सांगू तुम्हाला, काय वर्षं होती ती! बुटांच्या लेस विकणाऱ्या आजीने माझा पूर्वेकडचा कोपरा धरला. दुपारी ती पाय पसरून माझ्यावर झोपायची, आणि तिच्या घोरण्यावर लोक घड्याळ लावायचे. एक रंगारी माझ्यावर उभा राहून रोज नकला करायचा. अध्यक्ष बदलले की त्याच्या चालण्याची ढब बदलायची. निकालाच्या दिवशी पास झालेली मुलं माझ्यावरून उड्या मारायची, नापास झालेली माझ्यामागे बसायची. भांडलेली नवराबायको माझ्या दोन टोकांना बसून हळूहळू मधे सरकायची. तीस वर्षांत मी जेवढी माणसं पाहिली तेवढी कुठल्याही पुतळ्याने पाहिली नसतील, कारण पुतळे वर बघतात.

मग या अध्यक्षांना वाटलं की आपला पुतळा हवा. हयातीतच. मागून कोणी उभारेल याची खात्री नसावी. आणि पुतळा नुसता उभा नको, चालणारा हवा. एक पाय पुढे, बोट भविष्याकडे.

इथे घोळ झाला. चालणाऱ्या माणसाचे पाय जुळलेले नसतात. पुतळा फायबरचा, वरून तांब्याचा रंग दिलेला. तो गाडीतून उतरवला तेव्हा ओळंबाने आधी त्याचे पाय पाहिले, मग माझी भोकं पाहिली, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"साहेब, हे बसायचं नाही," ती मुख्य अभियंत्यांना म्हणाली. "मागच्या पायाचा एक बोल्ट बसेल. पुढचा पाय अधांतरी."

"मग पाड नवीन भोकं."

"जुन्या भोकाला लागून पाडली तर दगड तडकेल. जागा सोडून पाडायला आठ दिवस द्या."

"अनावरण परवा आहे. पत्रिका वाटून झाल्या."

"पत्रिकेवर उभा करा मग."

अभियंते हसले नाहीत. "पुढच्या पायाखाली पाचर मार. पडदा असणारच आहे."

"पडदा पडणारच आहे, साहेब," ती म्हणाली.

तिने तिथेच, माझ्याच अंगावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या. भोकं जुळत नाहीत. पुतळा एका बोल्टवर आहे. धक्का लागला तर फिरेल. आठ दिवस द्यावेत. कागद कारकुनाच्या हाती दिला, आणि वरून हुकूम आला म्हणून पाचर मारली.

आता अकरा वाजून दहा मिनिटांवर परत येऊ. दोरी भविष्याकडे रोखलेल्या बोटात अडकली. अध्यक्षांनी जोर लावला. पाचर निसटली. पुतळा मागच्या पायावर गरकन फिरला आणि भाजीबाजाराकडे तोंड करून थांबला, एक पाय पुढे, अगदी निघाल्यासारखा.

तेवढ्यात लेसवाली आजी शांतपणे म्हणाली, "अगं बाई, साहेब निघाले वाटतं. थांबवा कोणीतरी, भाषण राहिलंय."

मग जे हसू फुटलं तसं मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आधी मागच्या खुर्च्या, मग मधल्या, आणि शेवटी सोफ्यांवरचे लोक रुमाल तोंडाला लावून. बँडला एवढंच सांगून ठेवलं होतं की पडदा पडला की वाजवायचं. त्यांनी वाजवलं. तीच धून.

हसणाऱ्यांनी हसून घेतलं, पण गळ्याशी आलं ते ओळंबाच्या. तीन दिवसांत बातमी फुटली की चौकशीचा निष्कर्ष आधीच टाइप झालाय: जुन्या पाथरवटाने भोकं चुकीची पाडली, मिस्त्रीने ते लपवलं; चौथरा पाडावा आणि मिस्त्रीला कामावरून कमी करावं. चोर सोडून संन्याशाला फाशी. बाप मेला त्याला नऊ वर्षं झाली. त्याच्या हाताला अख्ख्या शहरात कोणी नाव ठेवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी स्थळपाहणी. माझ्यासमोर टेबल मांडलं. मधे अध्यक्ष, शेजारी मुख्य अभियंते, कोपऱ्यावर फाइल घेऊन कारकून. भोवती दीडदोनशे माणसं, कारण फुकटचा खेळ कोण सोडतो? ओळंबा समोर उभी. तिने इस्त्रीचे कपडे घातले होते. मी तिला एवढ्या वर्षांत धुळीशिवाय कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या कपड्यांवरून मला कळलं की ती घाबरली आहे.

"भोकं जुळत नव्हती हे तुम्ही का कळवलं नाही?" अभियंत्यांनी विचारलं.

"कळवलं होतं. लेखी."

"कुठाय लेखी?"

"त्यांच्या मांडीवर," ती म्हणाली.

सगळ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. तो बिचारा निवृत्तीला दोन महिने उरलेला माणूस. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, गप्प बसायची होती. पण इथे थेट फाइलच मागितली. त्याने कागद काढला आणि चष्मा लावून चारही ओळी मोठ्याने वाचल्या. मग म्हणाला, "खाली शेरा आहे. पाहिले, योग्य, पुढील कार्यवाही व्हावी. त्याखाली नऊ सह्या."

"कोणाच्या?" अध्यक्ष गरजले.

"चौथी या साहेबांची," त्याने अभियंत्यांकडे बोट केलं. "नववी आपली, साहेब."

आजी म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मग वारा कशाला बदनाम केलात?"

अभियंते घाम पुसत म्हणाले, "मी सही वाचून करत नाही, विश्वासाने करतो. वर तीन सह्या होत्या म्हणून मी केली."

"आणि वरच्या तिघांनी?" ओळंबाने विचारलं.

"खाली सहा व्हायच्याच होत्या म्हणून," कारकून म्हणाला. त्याला ही पद्धत चौतीस वर्षांची माहीत होती.

यावर पुन्हा हसू उसळलं, आणि या वेळी ते कोणाच्याने आवरेना. ओळंबा हसली नाही. ती माझ्याजवळ आली, टेप काढली आणि चार भोकांमधली अंतरं सगळ्यांसमोर एकेक करून मोजून वाचली. बापाने जुन्या साहेबांच्या पुतळ्याच्या नकाशावर जी मापं लिहिली होती, तीच. सुताइतकाही फरक नाही. मग तिने टेप गुंडाळली आणि माझ्यावर हात टेकून उभी राहिली.

टेबल उचललं गेलं. टाइप केलेला निष्कर्ष बासनात गेला. ओळंबाला कामावरून काढायचा आदेश निघाला नाही, मला पाडायचाही नाही, कारण दोन्हींवर सह्या लागतात, आणि आता या पालिकेत न वाचता सही करायला कोणी धजत नाही. आणि वाचायचं तर सगळ्यांच्याच जिवावर येतं. पुतळा गोदामात आहे, भिंतीकडे तोंड करून.

मी मात्र मजेत आहे. ओळंबाने गेल्या आठवड्यात माझ्या उत्तरेच्या अंगाला दगडाच्या दोन पायऱ्या बसवल्या, म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून. कोणाची परवानगी घेतली नाही. आजी पहिली चढली. रंगाऱ्याला नवी नक्कल मिळाली आहे: एका पायावर गिरकी. दिवसातून चार वेळा लोक ती करून घेतात, आणि माझ्या माथ्यावर जागा पुरत नाही. मला पुन्हा कोणी पुतळा दिला तर नको म्हणा. बसायचं असेल तर या.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्याच फाइलमध्ये अनावरणाच्या सहा दिवस आधीचा आणखी एक कागद आहे. कारकुनाने तो स्थळपाहणीत वाचला, पण हसण्यात कोणी ऐकला नाही. 'चौथऱ्याचे जागेवर जाऊन प्रत्यक्ष मोजमाप केले, भोके पुतळ्याशी जुळतात. वेळ दुपारी तीन ते चार.' खाली सही आहे, नाव नाही. त्या दिवशी तीन ते चार माझ्यावर लेसवाली आजी झोपली होती, आणि तासभरात मला दुसऱ्या कोणाचाही हात लागला नाही. ती सही कोणाची, हे पालिकेने अजून सांगितलेलं नाही.