कन्नडची तोफ

शेवटी चौकात तोफ बसली. ती बसलीच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. बद्रीनाथही रोज तसंच धरून तिच्यासमोरून शहागंजला भाजी आणायला जातात.

तर, बद्रीनाथांकडं वडिलांचा एकुलता एक फोटो होता. वडील कारभारी निजामाच्या राज्यात कन्नड गावच्या आठवडी बाजारात भाषणं ठोकायचे. स्टेज कोण देणार? रस्त्याच्या कामाचं, डांबर तापवायचं चाकांचं पिंप उभं असायचं. त्याच्या चाकावर एक पाय ठेवून ते बोलायचे. पिंपाचं धुराडं आडवं पाडलेलं. फोटोखाली कुणीतरी शाईनं लिहिलेलं : ‘कन्नडची तोफ’.

चौक सुशोभीकरण समितीनं मुक्तिसंग्रामाचे जुने फोटो मागवले. वडिलांचं नाव एकदा तरी पाटीवर लागावं, म्हणून बद्रीनाथांनी हा दिला. समितीचा तोफतज्ज्ञ मिहिर. वय सव्वीस, तोफा पाहिलेल्या सगळ्या मोबाइलवर. त्यानं फोटोचा फोटो काढला, बोटांनी ताणला आणि धुराड्यावर येऊन थांबला.

“दुर्मिळ आहे, काका. लांब नळीची.”

“आरं बाबा, ते डांबराचं पिंप हाय. तोफ म्हंजी माझे वडील.”

“भावना कळतात, काका. पण वडिलांना चाकं नव्हती.”

“आवाज व्हता. लई व्हता.”

“तो फोटोत येत नाही ना. बरं, वडिलांची उंची किती?”

बद्रीनाथांना वाटलं, आला बाबा मुद्द्यावर. “पाच फूट चार.”

“छान. म्हणजे तोफ साडेसात फुटांची. शेजारी माणूस असला की माप काढायला बरं पडतं.”

माप निघालं, माणसाचं काम संपलं. फायबरची तोफ तयार झाली. पाटीवर मजकूर आला : ‘हिच्या आवाजानं बाजार थरारायचा. हिला दोनदा अटक झाली.’ अटकेची माहिती बद्रीनाथांनीच पुरवली होती. तोफेला बेड्या कुठं घातल्या, हे कुणी विचारलं नाही.

उद्घाटनात बद्रीनाथांना शाल, नारळ आणि त्यांनीच दिलेला फोटो फ्रेम करून मिळाला. फ्रेममध्ये पिंप होतं.

“माणूस कुठाय?”

“बसत नव्हता, काका. कापला.”

“अन् तुकडा?”

मिहिरनं कचऱ्याच्या डब्याकडं पाहिलं. डबा स्वच्छ होता. शहर त्या आठवड्यात स्वच्छता अभियानात होतं.

कारभारींच्या तिथीला सूनबाई सरूबाईंनी फ्रेममधल्या पिंपालाच हार घातला. “ऱ्हाऊ द्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “त्यांच्या संगं उभं तरी व्हतं.”

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथांनी समितीकडं अर्ज दिला :

‘विषय : चौकातील तोफेस बोलू देण्याबाबत. महोदय, सदर तोफ पूर्वी उत्तम भाषण करीत असे. बसवल्यापासून तिला एकदाही संधी देण्यात आलेली नाही. तरी येत्या सतरा सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात तिला माईकसह पाच मिनिटे मिळावीत, तसेच बोलताना पाय ठेवण्यासाठी डांबराचे एक पिंप पुरवावे, ही नम्र विनंती.’