हिमनदीच्या पाण्यातली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण म्हातारपणी टेकायची काठी समजाल तर मला राग येईल. माझ्यावर कुणी टेकत नाही. माझ्या भरवशावर माणसे नद्या ओलांडतात. मी माणसापेक्षा उंच आहे, टोकाला लोखंडी अणी आहे आणि कणा अजून ताठ आहे. आइसलंडच्या उंच पठारावर बर्फाखाली ज्वालामुखी निजलेले असतात. तिथून उतरणाऱ्या कितीतरी नद्यांचा तळ मी चाचपला आहे.

माझा जन्म मात्र इथला नाही. इथे झाडे कसली, कमरेएवढी झुडपे! मी कुठल्या तरी दूरच्या देशातले ओंडक्याचे लाकूड. समुद्राने मला उत्तरेच्या किनाऱ्यावर आणून टाकले. एका मेंढपाळाने मला घरी नेले, हिवाळाभर तासले, घासले आणि माशाचे तेल पाजले. त्या काळी पठारावर पूल नव्हते. उन्हाळा संपला की वर चरायला सोडलेली मेंढरे खाली आणायची, आणि वाटेतली प्रत्येक नदी पायी नाहीतर घोड्यावरून पार करायची. मेंढपाळ आधी मला पाण्यात घालत. तळचे दगड गडगडत येऊन माझ्यावर आपटू लागले की मी त्यांच्या तळहातात थरथरे, आणि ते मुकाट्याने मागे फिरत. "काठी नको म्हणाली," एवढेच ते सोबत्यांना सांगत, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. असा माझा मान होता!

पुढे पूल आले, मोठ्या चाकांच्या गाड्या आल्या, घडी घालून पिशवीत मावणाऱ्या हलक्याफुलक्या काठ्या आल्या. मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. मेंढ्या अंग खाजवायला माझा उपयोग करीत. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटे.

मला तिथून बाहेर काढले ते मेंढपाळाच्या पणतीने, स्वावाने. ती उन्हाळ्यात वडिलांबरोबर थोड्या पाहुण्यांना घेऊन पायी पठार पार करू लागली होती. आधी काळ्या राखेचे माळ, मग वाफाळणारे गंधकाचे झरे, मग बर्फ आणि शेवटी नदी. या खेपेला मात्र तिचे वडील कोलबेन सामान घेऊन जीपने लांबच्या रस्त्याने पुढच्या मुक्कामी जात होते. वडिलांशिवाय गट घेऊन निघायची तिची ही पहिलीच वेळ होती. पाच माणसांचा जीव आता तिच्या हाती होता, आणि तिच्या हाती मी.

त्या पाच जणांत प्रेबेन नावाचा डेन्मार्कचा एक निवृत्त मास्तर होता. पहिल्याच मुक्कामी, झऱ्यांपाशी, त्याने नाकाला रुमाल लावला.

"इथे सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास येतो हो!"

"मास्तर, तो वास नाही, तो आमचा देश आहे," कोलबेन म्हणाले. "घरच्या गरम पाण्यालाही हाच वास. त्यातच न्हाऊन आम्ही एवढे झालो. तुमच्याकडे कसला वास येतो?"

"लोण्याचा."

"आणि डोंगर किती उंच?"

प्रेबेनने रुमाल आणखी घट्ट धरला. त्याच्या देशात डोंगर औषधालाही नाही. सगळे पोट धरून हसले, स्वावासुद्धा. त्या दिवसापासून त्याचे नाव 'नाकवाले मास्तर' पडले. तोही हसे, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत. बर्फावर चढल्यावर वास थांबला आणि रुमाल खिशात गेला. थट्टा मात्र चालूच राहिली.

बर्फ उतरून आम्ही नदीवर आलो ती वेळ सकाळची होती. हिमनदीचे पाणी सकाळीच ओलांडायचे असते. रात्रीच्या गारठ्याने वितळणे मंदावते, पाणी उतरते; दुपारनंतर तीच नदी माजते. पलीकडे उंचावर मुक्कामाची झोपडी होती, खाली काठावर कोलबेन होते आणि चुलीवर मटणाच्या सुपाचे मोठे पातेले होते. पाहुण्यांचे डोळे त्या पातेल्यावर खिळले होते.

स्वावा मला घेऊन पाण्यात शिरली. दगड माझ्यावर आपटत होते, एरवीच्या सकाळपेक्षा जास्तच. मी थरथरले. ती थांबली आणि खांद्यावरच्या वॉकीटॉकीत म्हणाली, "बाबा, रात्रभर थंडी होती. पाणी उतरायला हवं होतं, उलट चढलंय."

"वर ऊन लागलं असेल गं. मांडीपर्यंतच आहे ना? हातात हात घालून या सगळे. जमून जाईल! सूप निवतंय इथे."

जमून जाईल! हे या देशाचे लाडके वाक्य. बहुतेक वेळा जमतेही, हीच तर पंचाईत. स्वावा पाहुण्यांना बोलवायला वळली आणि तिला प्रेबेन दिसला. त्याच्या नाकाला पुन्हा रुमाल होता. इथे तर झरा नव्हता की वाफ नव्हती. नुसते बर्फाचे गार पाणी.

"मास्तर, वास येतोय का?"

"छे छे. सर्दी झालीय."

स्वावाने वाकून ओंजळभर पाणी हुंगले. तिला काही कळेना. कसे कळणार? ते नाक त्याच वासात वाढलेले. तिने मला वाळूत रोवले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, खरं सांगा. तुमच्या पाया पडते."

"तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"येतोय," तो खालमानेने म्हणाला. "झऱ्यांपेक्षाही जास्त. नदीकडूनच."

स्वावाचा चेहरा उतरला. बर्फाखालचा ज्वालामुखी तापला की वरचा बर्फ वितळून पाणी साचते, एक दिवस ते बर्फ फोडून सुटते, आणि त्याच्या पुढे हा वास धावत येतो. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते.

"बाबा, आम्ही येत नाही. टेकाडावर चढतोय. तुम्हीही गाडी वर घ्या."

"का गं? काय झालं?"

"मास्तरांना वास येतोय."

"एका डॅनिश नाकापायी माझं सूप टाकून जाऊ? मला तर कसलाच वास नाही!"

"मलाही नाही, बाबा. तुमचं-माझं नाक या कामाचं नाही. गाडी वर घ्या म्हणते ना!"

या आवाजात ती वडिलांशी कधी बोलली नव्हती. कोलबेन बडबडत, चडफडत गाडीत बसले.

आम्ही लाव्ह्याच्या टेकाडावर चढलो आणि बसून राहिलो. नदी तशीच वाहत होती. पाहुणे कुजबुजू लागले. प्रेबेन तर मान वर करायला तयार नव्हता. स्वावाने मला इतके घट्ट धरले होते की तिच्या नाडीचे ठोके मला लागत होते. पाणी आलेच नाही, तर या मुलीवर पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

मग खोऱ्याच्या वरच्या तोंडाशी गडगडाट झाला. नदी काळी पडली, फुगली, आणि घराएवढे बर्फाचे तुकडे आपटत खाली निघाले. आम्ही मघाशी उभे होतो तो काठ दिसेनासा झाला. पलीकडची झोपडी उंचावर होती म्हणून वाचली. सुपाचे पातेले मात्र गिरक्या घेत समुद्राकडे गेले. कुणी हसले नाही.

बऱ्याच वेळाने वॉकीटॉकी खरखरली. कोलबेन यांचा आवाज बसला होता.

"स्वावा, सगळे आहेत?"

"आहेत, बाबा."

"मास्तरांना दे."

प्रेबेनने यंत्र दोन्ही हातांनी धरले.

"मास्तर," कोलबेन म्हणाले, "पाणी ओसरलं तरी मी खाली उतरणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच. वास गेला की सांगा."

प्रेबेनने रुमाल काढला, नाक वर केले आणि सावकाश श्वास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"अजून आहे," तो म्हणाला.

"बरं मास्तर. थांबतो."

मित्रांनो, माझ्यासारख्या काठीला वर्षातून एकदा तेल लावा, कोपऱ्यात टाकू नका, एवढे मागणे तर आहेच. पण त्या दिवशी मीही नुसती थरथरले, आणि बोलायचे ते एका माणसाने बोलायचे होते. हसतील या भीतीने ते त्याच्या ओठांतच राहणार होते. तुमच्यातही असा एखादा असेल. त्याला धोका दिसेल, तेव्हा खरे सांगण्याची लाज वाटू नये, असे त्याच्याशी आजपासूनच वागा.